दोनदा झटकून

रुक्माने रिकामं पोतं दोन कोपऱ्यांना धरून उलटं केलं आणि झटकलं. एकदा, मग पुन्हा एकदा. अंगणातल्या उन्हात पांढरी धूळ उभी राहिली. जाड कण लगेच खाली बसले. बारीक कण दिसत नव्हते. ते किती तास तरंगत राहतात, हे उत्कर्षाला पाठ होतं.

उत्कर्षा तपासणीची यादी घेऊन शेडच्या दारात उभी होती. मास्क गळ्यात लोंबत होता.

छत्तीसगडातल्या भिलाई-३ मधल्या या लहानशा कारखान्यात भट्टीच्या आतल्या अस्तराचा मसाला तयार व्हायचा. गारगोटीची पूड पोत्यांतून यायची, शेडमध्ये मिक्सरमध्ये ओतली जायची आणि रिकामी पोती अंगणात रुक्मापुढे येऊन पडायची. तिच्या डोक्यावर भिंतीला एक पाटी होती: ‘खाली बोरी दो बार झटककर ही बाहर भेजें।’ खाली उत्कर्षाची सही. भंगारवाल्याच्या टेम्पोतून रस्त्याभर पूड सांडते अशी तक्रार आली, तेव्हा तिने हा नियम केला होता. सुरक्षा अधिकारी म्हणून तिचा पहिला नियम.

“रुक्मामावशी, थांबा जरा.”

“एवढं होऊ द्या, मॅडम.” रुक्माने आणखी एक पोतं झटकलं आणि खोकली. पदराने तोंड पुसून हसली. “काही नाही, सकायची फोडणी घशात बसून रायली.”

ही फोडणी गेल्या महिन्यातही घशात बसलेली होती.

“उद्या एक्स-रेची गाडी येणार आहे. तुमचं नाव लिहिते.”

“माहं कावून? एक्स-रे मिक्सरवाल्यायचा. आमी तं बाहेर बसतो. तुमीच म्हनलं होतं, बाहेर काही भेव नाही.”

म्हटलं होतं. धूळ मोजायचं यंत्र तिने मिक्सरपाशी तीनदा लावलं होतं. अंगणात एकदाही नाही. अंगणाच्या रकान्यात तिने ‘मोकळी हवा’ असं लिहिलं होतं.

“आता नवा नियम आला आहे,” उत्कर्षा म्हणाली. “पोती झटकायची नाहीत. पाणी मारून ओली करायची, आतली बाजू आत ठेवून घडी घालायची आणि तोंड बांधायचं.”

“कावून? आमी बरोबर नाही झटकत का?”

“तसं नाही.”

“मंग एक्स-रे कायले? मांगच्या बारी मिक्सरवाल्या धोंडबाचं नाव लिहिलं, तं त्याले घरीच बसवलं. मी नाही येत.” रुक्माने पुढचं पोतं ओढलं. “ज्यानं नियम केला त्याले पाठवा. त्यालेच सांगतो मी.”

उत्कर्षाने यादीची घडी केली, पुन्हा उघडली. पंधरा महिन्यांपूर्वी, पाटी लावताना, तिने पुडीच्या सूचनापत्राची पहिली चार पानं वाचली होती. हाताळणी, साठवण, मास्क. रिकाम्या पोत्यांचं काय करायचं ते सातव्या पानावर होतं. ते तिने काल वाचलं. पहिलंच वाक्य होतं: झटकू नये.

तिने पुढे होऊन रुक्माच्या हातातलं पोतं धरलं.

“तो नियम मीच केला होता, मावशी. ही पाटी. ती चुकीची आहे. झटकल्याने पूड छातीत जाते. आत मिक्सरवर जेवढी जात नसेल तेवढी इथे जाते. मी नीट वाचलं नव्हतं.”

रुक्माने पोतं सोडलं नाही. दोघी ते दोन बाजूंनी धरून उभ्या राहिल्या. रुक्माने पाटीकडे पाहिलं, मग उत्कर्षाच्या गळ्यातल्या मास्ककडे.

“पंधरा महिने,” ती म्हणाली.

“हो.”

“तुमाले मास्क होता.”

शेडमधला मिक्सर थांबला, तशी रुक्माच्या छातीतली खरखर स्पष्ट ऐकू आली. फक्त श्वास होता तो.

“धोंडबासारखं होऊ देणार नाही,” उत्कर्षा म्हणाली. “काम सुटलं तर चूक माझी आहे असं मी लिहून देईन. पण उद्या या.”

रुक्माने पोतं सोडलं, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, “मंग आमच्या सासूचंही नाव लिहा. कौशल्या.”

“त्या तर इथे कामाला नाहीत.”

“फाटक्या बोऱ्या आमाले घरी न्यायले देता ना तुमी, गेटची चिठ्ठी करून? म्हातारी त्यायच्या चटया शिवते. आमच्या पूर्‍या मरोदा वस्तीत तिच्या चटया आहेत. शिवायच्या आंधी झटकते. दोन डाव. मीच शिकवलं तिले, कारखान्यातला नियम आहे म्हनून.”

“कुठे झटकते?”

“खोलीत.”

“खोलीत?”

“दार-खिडकी लावून. शेजाऱ्याच्या घरात पावडर नको जायले.”

उत्कर्षाने कागद पाटीखालच्या भिंतीवर टेकवला. रुक्माचं नाव लिहिलं. खाली कौशल्या लिहिलं. पुढचा रकाना विभागाचा होता. पेन तिथे थांबलं, मग तिने रकाना रिकामाच सोडला.

“इथे सही करा.”

रुक्माने पेन घेतलं. भिंतीवरची पूड कागदावर उतरली होती. अक्षर नीट उमटावं म्हणून तिने वाकून त्यावर जोरात फुंकर मारली.

धूळ दोघींच्या मध्ये उठली. उत्कर्षाचा हात मास्ककडे गेला, गळ्यापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. रुक्मा सावकाश, एकेक अक्षर जोडत सही करत होती.