वरची ओळ

“वरची ओळ आली की ते यंत्र माझ्याकडे रोखू नकोस,” बाईंनी फोटोवालीला आल्या आल्याच बजावलं. “तिथे मी नुसते ओठ हलवते. खोट्या गाण्याचा फोटो कशाला हवा?”

फोटोवालीने मान डोलावली आणि कॅमेरा ढोलकीवाल्याकडे वळवला. कार्यक्रमाचे फोटो सगळेच काढतात. हिला तालमीचे हवे असत. तालमीत माणसं खुशाल वेडीवाकडी तोंडं करतात. ढोलकीवाला, म्हणजे बाईंचा दीर, तर प्रत्येक थापेला असा चेहरा करायचा की कुणी चिमटाच काढतंय. रंगमंचामागची ती खोली, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, फडफडणारी ट्यूब. दोन तासांनी पडदा उघडणार होता.

बाईंच्या गळ्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले होते. डॉक्टरांनी केव्हाच गायची मुभा दिली होती. पण पहिल्याच कार्यक्रमात उंच सुरातल्या त्या वरच्या ओळीला आवाज फाटला आणि बाईंनी जी धास्ती घेतली ती घेतलीच. मग घरातल्या घरात तोड निघाली. बाकीचं गाणं बाई गातील, वरच्या ओळीला ओठ हलवतील आणि आवाज मागून सून देईल. आजचा कार्यक्रम मात्र शेवटचा, यापुढे उसन्या गळ्यावर आपण उभं राहणार नाही, असं बाईंनी सांगून टाकलं होतं. बाई एकदा बोलल्या की संपलं.

गाणं सुरू झालं. ढोलकी, झांजा, त्यात सुनेचा खणखणीत आवाज. खोली दणाणून गेली. वरची ओळ आली आणि फोटोवालीला राहवेना. खुर्च्यांच्या आडून तिने बाईंचे पाचसहा फोटो चोरून काढलेच.

तालीम चहाला थांबली. फोटोवाली कोपऱ्यात जाऊन फोटो बघू लागली. मग तिने ते मोठे करून बघितले. मग पुन्हा पहिल्यापासून बघितले आणि सुनेला खुणेनं बोलावलं.

“वहिनी, जरा इकडे बघा.”

सुनेने कपाळाला आठ्या घालून पाहिलं. बाईंचे ओठ उघडे होते. आणि गळ्याच्या दोन्ही शिरा दोरीसारख्या तट्ट फुगलेल्या.

“अगं बाई!” सून पुटपुटली. “नुसते ओठ हलवताना शिरा कशाला फुगतील?”

“तेच म्हणते मी.”

“म्हणजे आई गातायत. माझ्या आवाजाखाली दडून. आणि आम्ही सगळे बहिरे!” तिचे डोळे भरून आले. ते तिने खांद्याला पुसले, चहाचा कप तसाच ठेवला आणि हाक मारली, “काका, शेवटचं कडवं परत एकदा घेऊ या.”

“आता आणखी कशाला? चांगलं तर झालं.”

“घ्या म्हणते ना.”

ढोलकीवाला कुरकुरत बसला. कडवं सुरू झालं. बाई पुढे, सून मागे, फोटोवाली पुन्हा खुर्च्यांच्या आड. वरची ओळ आली आणि सुनेने तोंड घट्ट मिटून घेतलं.

दिराचा हात चालत राहिला, पण डोळे विस्फारले. तेवढ्यात आवाज आला. आधी बारीक, थोडा खरखरीत. बाई स्वतःच दचकल्या, पण मागे फिरल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला त्यांनी पाय रोवले, छाती भरून घेतली आणि ओळ अशी वर नेली की झांजवाला झांज वाजवायचा विसरला. तिसऱ्या खेपेला दीर बसल्या जागी ओरडला, “वाहवा, वहिनी!” आणि ढोलकी फुटेल अशी थाप मारली.

गाणं संपलं. बाई धापा टाकत सुनेकडे वळल्या.

“काय गं, मध्येच तोंड का मिटलंस?”

“ठसका लागला, आई.”

“लागतो बरा नेमका!” बाई म्हणाल्या. पण सुनेच्या गालावरून त्यांनी हात फिरवला. मग त्या पदर सारखा करून ट्यूबखाली येऊन उभ्या राहिल्या.

“आणि तू गं, खुर्च्यांच्या मागून बाहेर ये,” त्यांनी फोटोवालीला दरडावलं. “मी चोरून गात होते, तू चोरून काढत होतीस. आता दोघी राजरोस करू.”