रुखमाची पुन्हा नेमणूक

"वाचून दाखव," देवाजी म्हणाला. "पन हळू. ते आयकून राह्यली."

वनखात्याच्या हरिदास बाबूने कागद डोळ्यांजवळ नेला. अंगणापलीकडे मोहाच्या झाडाखाली रुखमा डोळे मिटून उभी होती. धुकं अजून जमिनीवरून उठलं नव्हतं. ती गुडघ्याएवढ्या दुधात उभी आहे असं वाटत होतं.

हरिदास वाचू लागला. वाढती महागाई आणि डिझेलचे चढे दर लक्षात घेता, निवृत्त झालेल्यांपैकी जे अंगाने धड असतील, त्यांना कुपातल्या (तोडीसाठी आखलेल्या जंगलपट्ट्यातल्या) कामावर परत घेण्यात यावे.

"खाली नाव?"

"एकच हाये. रुखमा."

"आन् माहं?"

"तुमचं नाई, भाऊ."

देवाजीने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. गेल्या तीन महिन्यांपासून तो बिनसाखरेचा काळा चहा पीत होता आणि तब्येतीला बरा असतो असं सगळ्यांना सांगत होता. कामावर परत बोलावलं तर धावत जाईन, असं त्याने अहेरीच्या बाजारात निदान दहा जणांना ऐकवलं होतं. सरकारने ते ऐकलं, पण नाव चुकवलं.

अठ्ठावीस वर्षं दोघांची जोडी होती. साग पडायचा, आणि पुढचं काम या दोघांचं. निवृत्तही एकाच दिवशी झाले. देवाजीला शाल मिळाली, रुखमाला गुळाची भेली. देवाजीला पेन्शन बसली, रुखमाला महिन्याचा शिधा. त्यानंतर रोज सकाळी नदीवर जायचं, देवाजीने तिची पाठ घासून द्यायची, दुपारी सावलीत दोघांनी पेंगायचं. लोक हसत. देवाजी म्हणे, हसा. त्याला रुखमाशिवाय कोणी नव्हतं. कधीकधी पेंगताना त्याला वाटे की आपण दोघं कधीचेच झाडं झालो आहोत, फक्त खात्याला अजून कळवलेलं नाही.

दुपारी तो रेंजर साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मले घ्या. तिले राहू द्या. थंडीत तिचा पाय धरते."

"देवाजी, तुमची अठ्ठावन्न उलटली. नियम आहे."

"ते तर माह्यापेक्षा मोठी हाये!"

"तिच्यासाठी नियम वेगळा. डॉक्टरचा दाखला पुरतो."

"सरकारले बाईमानसाचं वय इचाराले लाज वाटते, भाऊ," हरिदास कोपऱ्यातून म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो फायलीत शिरला.

साहेबांनी रुखमाचं सर्व्हिस बुक उघडलं. ओळखीची खूण : डाव्या कानाची पाळी फाटलेली. शेरा : कामात मन लावते, अधूनमधून हट्टी. अठ्ठावीस वर्षांत एकही रजा नाही. देवाजीच्या बुकात रजा होत्या, आणि त्या सगळ्या लग्नकार्याच्या, लोकांच्या.

"तिच्या जोडीला श्रावण राहील," साहेब म्हणाले. "तरुण आहे, चलाख आहे."

"ते माह्याशिवाय कोनाचं आयकत नाई, साहेब."

"सवय होईल. सगळ्यांना होते."

"आन् नाई आली तर?"

"शिधा बंद. तिचं खाणं तुम्हाला ठाऊक आहे."

देवाजीला ठाऊक होतं. रुखमाचं खाणं पहिल्यापासून दणकट. त्याची पेन्शन तिच्या नाश्त्यालाही पुरली नसती.

"डागतरनं नापास केलं तं?"

"तर आजारी म्हणून नोंद. शिधा चालू." साहेबांनी बुक मिटलं. "पण ती आजारी नाही ना?"

"लय बिमार हाये, साहेब," देवाजी म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारशी खोटं बोलल्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी त्याने तिला नीट समजावून सांगितलं. उद्या उठायचं नाही. कोणी काही म्हणो, कुशीवर पडून राहायचं. "समजलं ना वो बाई? तुही जिंदगीभराची मेहनत झाली. आता कोन्या पोट्ट्याच्या हाताखाली जायाचं नाई." रुखमा काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे. तिच्या डोळ्यांत मावळतीचा सगळा जंगलपट्टा उलटा तरंगत होता.

सकाळी डॉक्टर आला. सोबत साहेब, हरिदास, आणि नव्या खाकी शर्टातला श्रावण. धुकं इतकं दाट होतं की माणसं आधी ऐकू आली आणि मग दिसली.

रुखमा सांगितल्याप्रमाणे कुशीवर पडून होती. डॉक्टरने डोळे पाहिले, पाय चाचपले. प्रत्येक वेळी देवाजी तिच्या वतीने कण्हला.

"पायाला सूज दिसत नाही," डॉक्टर म्हणाला.

"सूज आतून हाये, साहेब. बाहेरून नाई दिसत."

"काही खाते का?"

"नावाले."

हरिदास खोकला. डॉक्टरने पेनचं टोपण काढलं, दाखल्याचा कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं : कामास अयोग्य. सही तेवढी राहिली होती. देवाजीने श्वास रोखला. आता नदी, सावली, झोप. दोघांनाही मरेपर्यंत.

तेवढ्यात दूर कुपात कुऱ्हाडीचा घाव पडला. मग दुसरा. मग एक जुना साग कडकडत खाली आला आणि त्याचा हादरा धुक्यातून तिच्या अंगाखालच्या जमिनीपर्यंत पोचला.

रुखमाने डोळे उघडले.

"पडून राहा," देवाजी दात आवळून म्हणाला. "रुखमा. पडून राहा ना वो."

ती उठली. अयोग्य वगैरे काही न दिसता सरळ उभी राहिली. श्रावण पुढे झाला, त्याला तिने पाहुण्याला सारावं तसं बाजूला सारलं. मग देवाजीच्या कमरेला सोंडेचा विळखा घातला, त्याला अलगद उचललं, आपल्या मानेवर बसवलं, आणि कोणाच्याही सहीची वाट न पाहता कामावर निघाली.