डाव्या पायाचं माप

"ही घे तुझी चप्पल!" दत्तरावांनी नवी कोरी चप्पल आश्रुबाच्या अंगणात टाकली. "उजवी लोण्यावाणी, अन् डावी चावायलीय. दर साली हेच."

आश्रुबानं चामडं कापायची रापी खाली ठेवली आणि तो उठून उभा राहिला. अर्ध्या गावाच्या पायांत त्याच्या हातच्या चपला होत्या. नांगरामागं दिवसभर चालणारी माणसंसुद्धा त्यांना नावं ठेवत नव्हती. हा एकच डावा पाय चाळीस वर्षं त्याला हरवत आला होता. त्यानं टाके सैल करून पाहिले, अंगठ्याची पट्टी वाढवली, चामडं तेलात मुरवलं. डावी चावतच राहिली.

"सोमवारी नातवाचं लगीन हाय परभणीला," दत्तराव म्हणाले. "तिथूनच रबरी घेतो आता. तुझं बस झालं."

"मालक, एक डाव करू द्या. शेवटचं."

"कर. पण ही शेवटचीच." दत्तरावांनी परभणीच्या दुकानासाठी खिशात घेतलेलं ज्वारीचं धाट काढून पुढं केलं. पायाच्या लांबीइतकं, नीट मोडलेलं. एरवी त्यांचा गडी हे धाट आणून द्यायचा आणि आश्रुबा त्यावरून चपलेचे दोन्ही तळ कापायचा. त्याच्या बापानंही तसेच कापले होते. त्या घरातले पाय मापासाठी या अंगणात कधी आले नव्हते.

आश्रुबाची नात कावेरी ओसरीवर बसून चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालत होती. चौथीतली पोर. तिनं धाट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"हे कोणत्या पायाचं हाय?"

"उजव्या," दत्तराव म्हणाले. "शुभाचं पाऊल उजवं, म्हणून मापबी उजव्याचं."

"मग डाव्याचं कुठंय?"

कावेरी आत पळाली आणि वहीची दोन पानं फाडून घेऊन आली. एक पान तिनं दत्तरावांपुढं जमिनीवर अंथरलं.

"बाईंनी आमाला पिंपळाचं पान असंच काढायला शिकवलंय. ठेवा पाय."

"कावे!" दारातून आजी पंचफुला ओरडली.

"लेकरू हाय मालक, तिला कळत न्हाई," आश्रुबा घाईनं म्हणाला.

दत्तरावांनी रस्त्याकडं पाहिलं. एक कोंबडी तेवढी होती. त्यांनी पायातला जुना जोडा काढला आणि पाय कागदावर ठेवला.

पेन्सिल टाचेवरून निघाली. "हलू नका! गुदगुल्या झाल्या तरी हलायचं न्हाई." अंगठ्याजवळ येईपर्यंत दत्तरावांनी ओठ दाबून धरले, करंगळीजवळ त्यांना फिस्सकन हसू फुटलं.

"हललात! ही रेघ वाकडी झाली बघा. आता दुसरा."

तिनं एक पान उलटं करून दुसऱ्यावर ठेवलं, टाचेला टाच जुळवली आणि दोन्ही उन्हात धरली. डावा पाय उजव्याच्या पुढं चांगला बोटभर गेला होता.

"आबा, बघा! ह्यांचा एक पाय थोरला हाय, एक धाकटा!"

आधी पंचफुला पदरात हसली. मग दत्तरावांचं पोट हलायला लागलं. आश्रुबानं मात्र ते कागद दोन्ही हातांत घेतले आणि त्या डाव्या रेघेवरून बोट फिरवलं, हळूच, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. चाळीस वर्षं छळणारी गाठ सुटावी तसा त्याचा चेहरा खुलला.

"आश्रुबा," दत्तराव डोळे पुसत म्हणाले, "एवढ्या वर्षांत एकदाबी बोलला न्हाईस?"

"काय बोलू मालक? तुमचे पाय मी आजच बघायलोय."

दत्तरावांनी धोतर सावरलं. मग ते ओसरीच्या कडेवर बसले, दोन्ही पाय पुढं पसरले आणि म्हणाले, "मग नीट बघून घे."