बाटलीतली वेल

गिरणीचा पट्टा तुटला होता, म्हणून दळणाचा डबा तसाच काखोटीला मारून रखमाबाई परतली आणि दारातच थबकली. तिची सून शेवंती स्टुलावर उभी होती. एका हातात मनीप्लांटची बाटली, दुसऱ्या हातात ओला फडका. आणि शेवंतीचा आज बाजूला बसायचा दुसरा दिवस होता.

"शेवंते!"

शेवंती दचकली. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं. बाटली मात्र तिनं छातीशी घट्ट धरली.

डोंबिवलीच्या चाळीतल्या त्या एका खोलीत बाजूला बसायचं म्हणजे दाराशेजारच्या चटईवर बसायचं, एवढंच. ही वेल रखमाबाईच्या लेकानं, दौलतनं, कल्याणच्या रेल्वेसाहेबाच्या बंगल्यातून आणली होती. खिळ्याखिळ्यानं, दोऱ्यादोऱ्यानं भिंत धरत ती आता खिडकीपर्यंत पोचली होती. लोक म्हणत, हिच्यानं घरात पैसा येतो. पैसा अजून वाटेतच होता. रखमाबाईला मात्र तिची पानं थेट नागवेलीची वाटत, म्हणून गावाकडच्या पानमळ्याचे सगळे नियम तिनं या बाटलीला लावले होते. त्या दिवसांत वेलीला शिवायचं नाही, तिच्यावर सावलीसुद्धा पाडायची नाही.

स्वतः रखमाबाई तर एरवीही वेलीला हात लावत नसे. सतराव्या वर्षी, पाळी आलेली न कळून, ती भाकरी घेऊन सासरच्या पानमळ्यात गेली आणि महिन्याभरात मळा वाळला. सासरा मरेपर्यंत तिला 'मळा जाळणारी' म्हणत राहिला. याला चाळीस वर्षं झाली. पाळी जाऊनही दहा वर्षं लोटली, तरी आपला हातच वाईट, हे तिच्या मनातून जाईना. सुनेला तिनं ही गोष्ट दहादा ऐकवली होती, तंबी म्हणून.

"कवापासनं शिवतीयास तिला?"

शेवंती स्टुलावरून खाली उतरली. "वरीस झालं, आत्याबाई."

"वरीस!"

"पहिल्या खेपेला नव्हते शिवले. गप बसून ऱ्हायले. तुम्ही हात लावत नाही, ह्यांना सवड नाही. पाण्याला वास सुटला, मुळं काळी पडली, पानं पिवळी झाली. तुम्ही म्हणालात, माझी सावली पडली." शेवंतीनं बाटलीचं बूड फडक्यानं पुसलं. "सावलीनं नव्हतं ते. कुणी पाणीच बदललं नव्हतं. तवापासनं तुम्ही बाहेर गेलात की मी बदलते."

रखमाबाईनं डबा खाली ठेवला. तोंडावर आलेली शिवी तोंडातच राहिली, कारण तिची नजर भिंतीवर गेली होती. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत ती एकेक पान बघत गेली. एखादं तरी वाळकं सापडेल म्हणून बघत होती. शेगडीच्या वरची पानंसुद्धा हिरवीगार होती, पुसूनपुसून चकचकीत केलेली.

आता आपली धडगत नाही, असं शेवंतीला वाटलं. पण सासू आली आणि तिच्याच चटईवर बसली.

"अहो आत्याबाई, चटईला शिवलात! आंघोळ करावी लागंल."

"लागू दे."

 रखमाबाईला रडू येत होतं आणि रागही येत होता. आणि ज्यांच्यावर काढायचा, ते सगळे कधीच मरून गेले होते.

"त्या साली आमचा एक बैल मेला होता," ती म्हणाली. "ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस विहिरीवरची मोट बंद होती. मळ्याला पाण्याचा थेंब नव्हता."

शेवंती बाटली घेऊन तिच्यासमोर खाली बसली.

"समद्यांना ठावं होतं गं ते," रखमाबाई म्हणाली. "मलासुदिक."