रॉस्कोला कोण घेणार?

पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि रॉस्को टिलमन मनातल्या मनात देवाला विनवत होता, की आपण कुणालाही नको असावं. चौतीस वर्षांच्या आयुष्यात असलं मागणं त्याने पहिल्यांदाच मागितलं होतं. तो आईच्या स्वयंपाकघरात बसला होता. समोर तळलेला मासा होता, टेबलाखाली पाय मावत नव्हते आणि उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती.

परवा पिट्सबर्गच्या संघाने त्याला काढलं. मालक होलनबेक यांनी त्याला जेवायला बोलावलं, तू आमच्या घरचाच आहेस म्हणाले, आणि गोड खाऊन झाल्यावर विषय काढला. रागालोभाचं काही नव्हतं. बास्केटबॉलच्या लीगमध्ये पगारांना एक रेषा आखून दिलेली असते. ती ओलांडली की मालकाला वरच्या प्रत्येक डॉलरमागे तीन-चार डॉलर लक्झरी टॅक्स भरावा लागतो. रेषेच्या पलीकडे जे काही उरत होतं ते एकटा रॉस्को होता. त्याचा पगार पाच वर्षांपूर्वी ठरलेला होता आणि गुडघा या वर्षीचा होता. शेवटी रॉस्कोने पगारातला मोठा तुकडा सोडायचा आणि संघाने रॉस्कोला सोडायचं, असं ठरलं.

काढलेला खेळाडू दोन दिवस बाजारात असतो. दुसऱ्या कुठल्या संघाला हवा असेल तर त्याने तो पगारासकट उचलावा. कुणीच उचलला नाही, तर तो मोकळा. रॉस्कोची मुदत आज पाचला संपत होती. रॉस्कोचा एजंट लेनर्ड फिंक म्हणाला होता, "या पगारात तुला घ्यायला इतका येडा कोण बसलाय?" इतकं गोड रॉस्कोशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. कारण तिकडे सॅन डिएगोचा संघ त्याच्यासाठी थांबला होता. यंदाचं विजेतेपद त्यांचंच, असं सगळे धरून चालले होते. त्यांना शेवटची काही मिनिटं डोकं शांत ठेवून खेळणारा जुना माणूस हवा होता, तोही अगदी किमान पगारावर. रॉस्को तेरा वर्षं खेळला होता आणि विजेत्यांची अंगठी एकदाही त्याच्या बोटात गेली नव्हती. गुडघा आणखी एक वर्ष काढणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

यातलं काहीच त्याने आईला सांगितलं नव्हतं. वेळेआधी अशी बोलणी करणं नियमात बसत नाही, आणि ओडेसा टिलमनला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचते. तिला एवढंच ठाऊक होतं, की पोराला कामावरून काढलं आणि आज पाचच्या आत कुणी घेतलं तर घेतलं.

"तू का खात नाहीस?" त्याने विचारलं.

"उपास आहे माझा."

"कालही होता."

"कालचाच आहे तो. तू खा मुकाट्याने. आणि तोंड पाडून काय बसलायस? त्या होलनबेकला म्हणावं, माझ्या पोराला न्यायला रांग लागेल रांग."

"कुणी रांग लावणार नाही, आई."

"माझ्या घरात अभद्र बोलायचं नाही!" ती कडाडली आणि गॅसकडे वळली.

सकाळपासून तिचा फोन सारखा वाजत होता. चर्चमधल्या बायका होत्या. दर वेळी ती मागच्या दारी जाऊन हळू आवाजात बोलून येत होती. ईस्टरच्या जेवणावरून नेहमीसारखी जुंपली असेल, म्हणून रॉस्कोने लक्ष दिलं नाही.

पाच वाजता वाजता त्याचा फोन वाजला. फिंक होता.

"कॅन्सस सिटीनं उचललं तुला."

रॉस्कोला आधी वाटलं तो गंमत करतोय. कॅन्सस सिटी तळाला होती. त्यांचं वर्ष नाताळातच संपलं होतं.

"अरे, माझ्या जागेवर त्यांच्याकडे तीन पोरं आहेत! मला खेळवणार कुठे?"

"खेळवायचं कोण म्हणतंय? पगारावर अमुक एवढा खर्च केलाच पाहिजे, असाही एक नियम आहे. यांचा तेवढा भरत नव्हता. तुझ्याएवढा महाग माणूस बाजारात दुसरा नव्हता, बाबा."

पिट्सबर्गला तो महाग म्हणून नको होता आणि कॅन्सस सिटीला महाग म्हणून हवा होता. त्याच्या खेळाबद्दल दोन्हीकडून कुणी चकार शब्द काढला नव्हता. रॉस्कोने फोन ठेवला. त्याला लहानपणी हरल्यावर यायचं तसं रडू येत होतं.

"काय रे? काय झालं?"

"कॅन्सस सिटीनं घेतलं मला."

ओडेसा खुर्चीत मटकन बसली. मग तिने चर्चमध्ये फोन लावला. "व्हर्डेल? उठा गं सगळ्या, उठा! गुडघे मोडले असतील तुमचे. घेतलं त्याला! हो, हो, वेळेच्या आत!"

फोन ठेवून तिने डोळे पुसले. "कालपासून प्रार्थनेला बसल्यात बिचाऱ्या, आळीपाळीने. पाण्याशिवाय पोटात काही नाही. एवढंच मागितलं आम्ही, माझ्या पोराला कुणीतरी घ्या. कुणीही घ्या."

सॅन डिएगो रॉस्कोच्या अगदी ओठांवर आलं होतं. आईचा चेहरा बघून त्याने ते गिळलं आणि आपली ताटली तिच्यापुढे सरकवली.

"खा आता."

तिने माशाचा मोठा तुकडा मोडला आणि भुकेल्या माणसासारखा खाल्ला.

"आणि तू आता काळजीच सोड," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "उद्यापासून परत बसतोय आम्ही. कॅन्सस सिटीनं तुला कधीच सोडू नये म्हणून."