टाक्याचं पाणी

अव्वाद रिकामा कॅन घेऊन टाक्याच्या वरच्या कातळावर पोचला आणि जागच्या जागी थबकला. खाली दोन परदेशी पाहुणे टाक्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून पायांना साबण चोळत होते. तिसऱ्याने सणसणून नाक शिंकरलं आणि बोटं त्याच पाण्यात बुचकळली.

काठावर हसतमुखाने साबणाची वडी पुढे करत उभा होता मिशाल. उद्याचा जावई! उद्याचा कसला, आजचाच. त्याच्या घरची वडीलधारी माणसं मागणी घालायला खाली तंबूत येऊन बसली होती आणि नवरदेव पाहुण्यांना लाल सुळक्याभोवती फिरवायला गेला होता. वाट सोपी. अव्वादच्या तंबूपासून निघायचं, सुळक्याला प्रदक्षिणा घालायची, परत तंबूपाशी यायचं. अकाबा बंदराहून जिपा भरभरून परदेशी माणसं तेवढ्यासाठी येतात. येऊ देत बापडी, कुणाचं काय जातं!

पण हे टाकं! आज्यापणज्यांनी कातळात खोदलेलं, क्वचित पडणारा पाऊस धरून ठेवणारं. शेळ्यांनासुद्धा इथे तोंड लावू देत नाहीत, त्यांना बादलीने काढून पाजतात.

"अरे, हे पाणी आता पितंय कोण?" मिशाल जीपच्या ड्रायव्हरला सांगत होता. "शेळ्या पितात, शेळ्या! आणि उरलेसुरले म्हातारे." असं म्हणून त्याने स्वतः चूळ भरली आणि पचकन टाक्यातच टाकली.

अव्वादला शिसारी आली. त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द कधीच देऊन झाला होता, आज नुसती रीत उरली होती. पाय धुतले म्हणून दिलेला शब्द फिरवला तर सारी वस्ती दात काढील. आणि मुझना? लेक एवढंच म्हणाली होती, "मला काय कळतंय, बाबा? माणूस तुम्ही बघा." बघितला की! चांगला डोळे भरून बघितला.

ती मंडळी पुढे गेल्यावर तो खाली उतरला. कडेला फेसाची साय धरली होती आणि तीत कुणाची तरी जखमेवरची पट्टी तरंगत होती. अव्वाद मागे वळला, दोन पावलं चालला, थांबला. मग परत आला आणि कॅन त्याच पाण्यात बुडवला.

तंबूत पडद्यामागे मुझनाने कॅन उघडला आणि नाकाला ओढणी लावली.

"शी! बाबा, साबणाचा वास मारतोय ह्याला. मी टँकरचं घेते."

"ह्याचीच कॉफी टाक."

"अहो, पण—"

"ह्याचीच. वेलची जरा जास्त घाल."

तिने भांडं चुलीवर चढवलं.

तोवर मिशालही पाहुण्यांना जिपेत बसवून, केस चापूनचोपून आपल्या माणसांत येऊन बसला. कॉफी आली. पहिला पेला यजमानाचा, म्हणजे पाहुण्यांच्या मनात किंतु राहत नाही. अव्वादने तो एका दमात रिकामा केला, चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. दुसरा पेला फरजला, मिशालच्या थोरल्या काकाला. त्याने तो न पिता समोर चटईवर ठेवला.

"अव्वाद, तुझ्या लेकीला आमच्या मिशालसाठी मागायला आलोय. तू होय म्हणेस्तोवर ह्याला तोंड लावणार नाही."

आता अव्वादने 'प्या' म्हणायचं. तो एक शब्द आणि त्यावर फरजचा एक घोट, की मुलगी दिली.

"कॉफी साधीसुधी नाही बरं का," अव्वाद म्हणाला. "वरच्या टाक्याच्या पाण्याची आहे. मी स्वतः भरून आणलंय. मिशालचे पाहुणे तिथून हलले आणि मी कॅन बुडवला."

मिशालचा चेहरा खर्रकन उतरला.

"वा! टाक्याच्या पाण्याला नशीब लागतं," फरज खूश झाला. "टँकरचं मचूळ पिऊन पिऊन जीभ मेलीय आमची."

"मग प्या," अव्वाद म्हणाला.

म्हणून टाकलं त्याने, चारचौघांत. पडद्यामागचा भांड्यांचा आवाज बंद झाला. आता हा पोरगा गप्प राहिला तर मुझना गेली त्याच्या घरी, जन्माची. फरजने पेला उचलला, ओठांशी नेला.

"काका, पिऊ नका!"

मिशाल अर्धवट उठला होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मागणी घालायला आलेला नवरदेवच 'पिऊ नका' म्हणतो, हे तिथे बापजन्मात कुणी ऐकलं नव्हतं.

"डोकं फिरलं का तुझं?" फरज खेकसला. "का पिऊ नको?"

"ते पाणी... म्हणजे पाहुण्यांनी त्यात पाय..."

"पाय? टाक्यात? आणि तू काय करत होतास?"

मिशाल परत खाली बसला.

"साबण देत होता," अव्वाद म्हणाला.

फरजने पेला हुंगला. त्याचं तोंड कडू झालं. पेला त्याने चटईवर ठेवला आणि हाताने लांब सरकवला.

"आणि तू तो पहिला पेला प्यालास, अव्वाद? सगळं ठाऊक असून?"

"प्यालो," अव्वाद म्हणाला. "लेक द्यायची होती, फरज. आधी बापालाच चव बघावी लागते."