तेवीस जुलैची नोंद

"हे केंद्र का वगळलंस?" गीतांजली मॅडमनी विचारलं.

त्या कंपनीतर्फे तुबाची मुलाखत घेत होत्या. अमरावतीच्या कॉलेजात क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या मुलांसाठी आलेली ही शेवटची कंपनी. पीक विम्याचे दर ठरवणारी. इंटर्नशिपची एकच जागा होती, आणि आधीच्या दोन कंपन्यांनी तुबाला नाकारलं होतं.

कंपनीने सगळ्यांना पावसाच्या नोंदींची एकच फाइल दिली होती. पाऊस मोजणाऱ्या कुठल्या केंद्रावर विसंबायचं, ते सांगायचं.

"२००९चा जुलै, मॅडम. दिवसाचा पाऊस अडीच मिलिमीटरच्या खाली गेला की विमा तो दिवस कोरडा धरतो. इथे पाच दिवस नेमका दोन पॉइंट चार लिहिलाय. त्याच दिवशी शेजारच्या केंद्रांवर चार-पाच मिलिमीटर पडला. त्या पाच दिवसांवर गावाला भरपाई मिळाली."

"तेवीस तारखेलाही दोन पॉइंट चारच आहे."

"तो खरा आहे. शेजारीही तेवढाच पडला होता."

बाजूला बसलेले योगेश सर हसले. "तुम्ही अकोल्याच्या. तिकडे उन्हाचा विमा काढायला हवा."

"उन्हाचे आकडे खोटे लिहायची गरजच पडत नाही, सर."

मॅडम हसल्या नाहीत. "पाऊस मोजायचं कोण?"

"देवराव इंगळे. भातकुलीजवळच्या त्या गावी मी जाऊन आले."

"फाइल पुरली नाही?"

"आकडा कोणी लिहिला ते फाइलमध्ये नसतं. मले... मला रजिस्टर पाहायचं होतं."

"बोल तशीच. कळतं मला."

तुबा जरा सावरली. "देवरावभाऊ सच्चा माणूस, मॅडम. चौदा वर्षं रोज सकाळी साडेआठले मोजून राहिले होते. पण त्या जुलैत ते अकोल्याच्या दवाखान्यात होते. तिथंच वारले. रजिस्टरात सही त्यांच्या नावाची, पण ते गावात नव्हतेच."

"मग कोणी लिहिलं?"

"त्यांच्या पोरीनं. तिचं नाव कोणी सांगत नाही. एक बाई तर अंगावरच आली. 'तुले काहून पाह्यजे? लगन झालं तिचं, आता नाव बी बदललं.'"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "योगेश, चहाचं बघता जरा?"

दार लागलं. पंख्याखाली फाइलचे कागद फडफडत होते. मॅडमनी त्यांवर हात ठेवला.

"हे सगळं अहवालात लिहिशील?"

मॅडमचा आवाज इतका थंड होता की जागा गेली, असं तुबाला वाटलं. आता माघार घेता आली असती. आकड्यांची चूक झाली असेल, एवढं म्हटलं तरी चाललं असतं.

"लिहीन, मॅडम. नाही लिहिलं, तर ते खोटं देवरावभाऊंच्याच नावावर राहील."

मॅडमनी निवडीचा कागद ओढला, त्यावर तुबाचं नाव लिहिलं आणि सही करून तो तिच्यापुढे सरकवला.

"एक दुरुस्ती कर," त्या म्हणाल्या. "पाच नाई, सहा. तेवीसले बाबा गेल्याचा फोन आला. मी मोजाले गेलीच नाई."